न दिसणाऱ्या वायूची राखण

एखादी गोष्ट एकाएकी जिकडेतिकडे दिसू लागली, म्हणजे तिचे पेव फुटले असे आपण मराठीत म्हणतो. काचेच्या पेटीत मासे पाळण्याच्या छंदाचे असेच पेव आज फुटलेले दिसते. १९५१ साली मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्या काळी असे मत्स्यालय पाहावयाचे तर आमच्या या बिदर-कलबुर्गीकडच्या माणसाला आगगाडीत बसून मुंबई गाठावी लागे. आता तसे राहिले नाही. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, एखाद्या हौशी व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात, क्वचित शाळेच्या विज्ञानखोलीतही ही पेटी दिसते आणि मुले तिच्यासमोर रेंगाळत उभी राहतात. छंद निर्दोष आहे, शिकवणारा आहे; त्याविषयी माझी काही तक्रार नाही. मात्र या छंदाबरोबर एक पाहुणा घरात येतो आणि त्याची नीट ओळख फारशी कोणी करून देत नाही. ती करून द्यावी, एवढ्यासाठीच आजचे हे चार शब्द.

पेव फुटणे हा शब्दप्रयोग मी सहज केलेला नाही. जमिनीतील धान्याचे पेव आणि दिवाणखान्यातील माशांची पेटी यांच्यात एक नाते आहे. ते कोणते, हे पुढे ओघाने येईलच.

नुसते मासे सोडून आता हौशी मंडळींचे समाधान होत नाही. पेटीच्या तळाशी माती व वाळू पसरावी, तीत पाणवनस्पती लावाव्यात, दगड आणि लाकडाचे ओंडके मांडावेत, आणि पाण्याखाली एक लहानशी बाग फुलवावी, अशी आता आवड आहे. या पेटीला आपण जलोद्यान म्हणू. जपानमधील ताकाशी आमानो या छायाचित्रकाराने, १९५४ ते २०१५ हा त्यांचा जीवनकाल, या कलेला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. पण बाग म्हटली की तिला खाद्य आले. झाडाचे मुख्य खाद्य मातीतून येत नाही, ते हवेतून येते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ते खाद्य म्हणजे कार्बन डायऑक्साइड. बोलण्यास सोपे जावे म्हणून आपण त्याला कर्बवायू म्हणू.

उघड्या हवेत दहा हजार भागांत कर्बवायूचे भाग चारांहून किंचित अधिक असतात. अशा हवेशी टेकलेल्या पाण्यात एका लिटरमागे तो एक मिलिग्रॅमही विरघळलेला नसतो. पेटीवर प्रखर दिवा लावला की वनस्पती हा तुटपुंजा साठा पाहता पाहता संपवतात आणि उपाशी राहतात. मग पाने पिवळी पडतात आणि काचेवर शेवाळ चढते. म्हणून जाणकार मंडळी पाण्यात बाहेरून कर्बवायू सोडतात आणि त्याचे प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. हा वायू येतो लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधून, प्रचंड दाबाखाली. येथूनच आजच्या विषयास प्रारंभ होतो.

सिलिंडर हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. स्वयंपाकघरातील सिलिंडर गळू लागला तर घरातील लहान पोरही ओरडते, "वास येतोय!" वास्तविक त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून कारखान्यातच त्यात उग्र दर्पाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी, तसे ते आहे. कर्बवायूच्या गळ्यात अशी घंटा कोणी बांधलेली नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तो पेट घेत नाही, उलट आग विझवतो; आणि म्हणूनच माणसे त्याच्या बाबतीत निर्धास्त राहतात. जे पेटत नाही ते मारीत नाही, असा आपला एक भाबडा समज आहे.

हा समज आमच्या भागातील जुन्या शेतकऱ्याचा मात्र नव्हता, आणि पेवाचे नाते येथे जुळते. ज्वारी जमिनीखाली साठवण्याची पेवे जुन्या पिढीने पाहिली आहेत. आमचे कानडी शेजारी त्याला हगेवू म्हणतात. पेवाचे तोंड मातीने लिंपून बंद केले की आतले धान्य स्वस्थ पडून राहते असे आपल्याला वाटते. तसे नसते. धान्याचा दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. धान्यातील किडाही श्वास घेतो. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू वाढत जातो, आणि शेवटी त्या हवेत कीड जगू शकत नाही. पेवातील धान्य टिकते त्याचे एक रहस्य हेच. पण ज्या हवेत किडा मरतो, त्या हवेत माणूसही मरतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरावयाचे नाही, तोंड बराच वेळ मोकळे ठेवावयाचे, आणि दोरीला कंदील बांधून तो आधी खाली सोडावयाचा, अशी जाणत्यांची रीत होती. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. पडीक आडात उतरतानाही हीच रीत.

रीत चांगली, पण आजच्या ज्ञानाने तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. कंदील विझतो तो हवा फार बिघडल्यावर. कर्बवायूचे प्रमाण शंभरात चार झाले तर ती हवा जिवाला तत्काळ धोकादायक मानतात, आणि त्या हवेत कंदील मात्र जळत राहू शकतो. म्हणजे विझलेला कंदील खरी साक्ष देतो. जळणाऱ्या कंदिलाच्या साक्षीवर विसंबू नये. शिवाय आडात कर्बवायूखेरीज दुसरेही विषारी वायू असू शकतात. आत उतरण्यापूर्वी हवा मोजण्याचे यंत्र वापरावे आणि पंख्याने किंवा भात्याने ताजी हवा खाली सोडावी, हाच खरा उपाय. बिदर शहराजवळ नौबाद येथे बहामनी काळात खोदलेला करेज आहे. जमिनीखालून पाणी वाहून नेणाऱ्या या भुयाराच्या माथ्यावर जागोजाग उभ्या विहिरी ठेवलेल्या आहेत. त्यांतून गाळ उपसता येई आणि आत काम करणाऱ्याला वाराही मिळे. पंधराव्या शतकातील त्या कारागिरांना कर्बवायूचे नाव ठाऊक नव्हते, पण जेथे माणूस उतरणार तेथे हवेला वाट ठेवावी, हे त्यांना ठाऊक होते.

आता आपण म्हणाल, आडाची आणि पेवाची गोष्ट वेगळी. दिवाणखान्यात आड कोठे आहे? श्रोतेहो, थोडे गणित करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी एक खोली घ्या. तिच्यात एक हजार घनफूट, म्हणजे सुमारे २८,३०० लिटर हवा मावते. एक किलो कर्बवायू सिलिंडरमधून बाहेर आला की त्याचा विस्तार सुमारे ५४० लिटर होतो. बाजारात जलोद्यानासाठी दोन किलोचे सिलिंडर मिळतात, पाच किलोचेही मिळतात. दोन किलोचा सिलिंडर बंद खोलीत एकदम रिता झाला, तर त्या खोलीतील हवेत कर्बवायू शंभरात जवळजवळ चार भाग होतो. पाच किलोचा रिता झाला तर नऊ भागांच्या वर जातो. कारखान्यांतील कामगारांसाठी आठ तासांची जी मर्यादा सामान्यतः मानली जाते, ती शंभरात अर्ध्या भागाची आहे. तीन भागांना श्वास जलद होतो, डोके दुखू लागते. दहाच्या आसपास काही मिनिटांतच शुद्ध हरपते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कर्बवायू हवेच्या सुमारे दीडपट जड आहे. एकदम सुटलेला थंड वायू आधी जमिनीलगत साचतो, मग सावकाश वर मिसळतो. आपल्याकडे मुले जमिनीवर सतरंजी टाकून निजतात. उन्हाळ्यात झळा येऊ नयेत म्हणून दारेखिडक्या बंद ठेवतात. थंडावा देणारे यंत्र बसविले असेल, तर फटीसुद्धा बुजवतात. म्हणजे ज्या खोलीत सिलिंडर आहे तीच खोली पेवासारखी होते. २१ ऑगस्ट १९८६ रोजी आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्योस नावाच्या सरोवरातून कर्बवायूचा प्रचंड लोट बाहेर पडला आणि उताराने दऱ्यांत वाहत जाऊन त्याने सुमारे १,७०० माणसांचे प्राण घेतले. आपली पेटी म्हणजे न्योस सरोवर नव्हे, हे उघड आहे. हवेशीर खोलीतील बारीक गळतीने कोणाच्या जिवाला अपाय होत नाही. तेथे बहुधा नुकसान होते ते पैशाचे. पण वायूचा स्वभाव दोन्हीकडे एकच, आणि स्वभाव ओळखून वागणे हे शहाणपण.

तेव्हा गळती होते कोठे, ते पाहू. सिलिंडरपासून पेटीपर्यंत वायूच्या वाटेने चालत गेले की पाच नाकी लागतात.

पहिले नाके म्हणजे सिलिंडरचे तोंड आणि रेग्युलेटर यांचा सांधा. येथे दाब सर्वांत जास्त, म्हणून गळतीही बहुधा येथेच. हा सांधा घट्ट ठेवतो तो आतला वायसर. आटे केवळ दोन्ही भाग जवळ ओढून धरतात. म्हणून वायसराने बंद होणाऱ्या या सांध्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून उपयोग नाही. वायसर झिजलेला, चिरलेला किंवा चपटा झालेला असेल तर तो बदलावा. सिलिंडर भरून आणला की नवा घालावा, हे उत्तम. त्याची किंमत किरकोळ असते. पाना लावून जिवाच्या आकांताने आवळण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने वायसर चेंगरतो आणि गळती वाढते.

दुसरे नाके रेग्युलेटरच्या अंगावरील जोड. त्यावर दाब दाखविणारी घड्याळे असतात, वायू थेंबाथेंबाने सोडणारी बारीक सुईची झडप असते, आणि विजेवर उघडमीट होणारी सोलेनॉइड नावाची झडप असते. हे जोड कारखान्यातून घट्ट येतात, पण वाहतुकीत धक्के खाऊन सैल होऊ शकतात. तिसरे नाके बुडबुडे मोजण्याच्या काचनळीचे झाकण. तेथील रबरी कडे वाळून तडकते. चौथे नाके वायू वाहून नेणारी नळी. हवेच्या पंपाला लावतात ती मऊ सिलिकॉनची नळी येथे वापरू नये. तिला भोक नसले तरी तिच्या अंगातून कर्बवायू झिरपतो. या कामासाठी कर्बवायू न झिरपू देणारी नळी वेगळी मिळते, तीच घ्यावी. पाचवे नाके एकदिशा झडपेचे. वायू थांबला की पेटीतील पाणी नळीतून उलटे चढते आणि रेग्युलेटरमध्ये शिरून त्याची नासाडी करते. ते अडवणारी ही झडप पेटीच्या जवळ बसवावी, आणि ती झिजली की बदलावी.

नाकी कळली, आता पहारा कसा ठेवावयाचा? सायकल दुरुस्त करणारा माणूस पंक्चर कसे शोधतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तो ट्यूबमध्ये हवा भरतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, आणि बुडबुडा कोठून येतो ते पाहतो. तो कान लावून बसत नाही, अंदाज बांधत नाही. आपणही तेच करावयाचे, फक्त रेग्युलेटर पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून पाणी त्याच्याकडे न्यावयाचे. वाटीभर पाण्यात भांडी घासण्याचा पातळ साबण चांगला कालवावा आणि लहान ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावावा. विजेच्या जोडणीवर मात्र तो जाऊ देऊ नये. मग लगेच पुढे न जाता मिनिट-दोन मिनिटे थांबावे. मोठी गळती तत्काळ फुगा करते, बारीक गळती मात्र सावकाश बारीक फेस धरते, आणि घाई करणाऱ्याला ती दिसत नाही. तपासणी झाली की साबण ओल्या फडक्याने पुसून काढावा.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. वायू सुरू करून रेग्युलेटरमध्ये दाब भरू द्यावा, सुईची झडप बंद करावी, आणि मग सिलिंडरची मुख्य चावी बंद करावी. घड्याळाचा काटा कोठे आहे, ते कागदावर टिपून ठेवावे. रात्र गेल्यावर सकाळी पाहावे. खोलीच्या उष्णतेने काटा किंचित हलतो, ते सोडून द्यावे. पण तो बराच खाली आला असेल, तर वायू कोठून तरी वाट काढीत आहे, हे निश्चित.

तिसरी परीक्षा तराजूची. पुष्कळांचा समज असा की घड्याळाचा काटा जागच्या जागी आहे, म्हणजे सिलिंडर भरलेला आहे. हा समज चुकीचा आहे. सिलिंडरमध्ये कर्बवायू द्रवरूपात असतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत दाब उष्णतेप्रमाणे राहतो, साठ्याप्रमाणे नव्हे. अर्धा सिलिंडर गळून गेला तरी काटा आपला तेथेच. म्हणून भरून आणलेल्या दिवशी सिलिंडरचे वजन करून त्यावर चिठ्ठी लावावी आणि दर पंधरवड्यास पुन्हा वजन करावे. येथे आणखी एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पेटीला वायू आपण दिवसातून आठ तास देतो, परंतु सोलेनॉइडच्या अलीकडची गळती चोवीस तास चालते. म्हणजे पेटीत जातो तेवढ्याच वेगाने वायू गळत असेल, तर पेटीला मिळतो त्याच्या तिप्पट वायू वाया जातो. काटा हे सांगत नाही, तराजू सांगतो.

आता आमच्या भागापुरती एक खास गोष्ट. या यंत्राविषयीची पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिलेली असतात. तेथे खोलीची उष्णता २० अंश धरतात, आणि २० अंशांना सिलिंडरमधील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो. पण ३१ अंश ही कर्बवायूची सीमा आहे. त्यापुढे तो द्रव म्हणून राहूच शकत नाही, आणि पुरेपूर भरलेल्या सिलिंडरमधील दाब झपाट्याने चढतो. ४० अंशांना तो १०० पटींच्या आसपास जातो. कलबुर्गीचा उन्हाळा ४० अंशांवर थांबत नाही, हे कोणास सांगावयास नको. म्हणून सिलिंडर उन्हात, पत्र्याच्या छपराखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये. तो भरून घेताना "थोडा जास्त भरा" असा आग्रह धरू नये. ठरलेल्या वजनाहून अधिक भरलेला सिलिंडर आमच्या उन्हाळ्यात आपली सुरक्षा-चकती फोडून क्षणात रिता होऊ शकतो. त्याच्या खांद्यावर कोरलेली दाब-परीक्षेची तारीख पाहावी. ही परीक्षा सामान्यतः पाच वर्षांनी करून घ्यावी लागते. सिलिंडर उभाच ठेवावा आणि साखळीने भिंतीशी बांधावा, कारण आडवा झाला की द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. आग विझविण्याच्या नळकांड्यात द्रव वर खेचणारी नळी असते. ते तसेच्या तसे पेटीला जोडू नये. आणि भरलेला सिलिंडर घरी आणताना मोटारीच्या काचा उघड्या ठेवाव्यात.

आतापर्यंत वायू बाहेर गळण्याचे बोललो. तो पेटीत नको तेवढा शिरणे, हीही एक गळतीच. तिचा पहिला बळी मासा. पाण्यात कर्बवायू अति झाला की माशाच्या रक्तातील वायू बाहेर पडत नाही, आणि तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. आमच्या उन्हाळ्यात हे अधिक लवकर घडते, कारण कोमट पाण्यात प्राणवायूच कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. रात्री दिवा मालवला की वनस्पतीही प्राणवायू घेऊ लागतात. म्हणून दिवा मालवण्यापूर्वी वायू बंद झालाच पाहिजे. पाण्यातील प्रमाण दाखविणारी रंगाची लहान काचकुपी मिळते. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका. हा रंग बदलण्यास तास-दोन तास लागतात, म्हणून वायू वाढवावयाचा तो थोडा थोडा, आणि घरात कोणी जागे असताना. साध्या रेग्युलेटरचा आणखी एक दुर्गुण आहे. सिलिंडर संपत आला की त्याच्या बाहेरचा दाब एकाएकी वाढतो आणि उरलासुरला वायू पेटीत भसाभसा येतो. दाबाचा काटा उतरू लागला की शेवटचा थेंब वापरण्याचा मोह टाकून सिलिंडर बदलावा.

सिलिंडर परवडत नाही म्हणून काही मुले बाटलीत साखर आणि यीस्ट घालून वायू तयार करतात. शिंदी ज्या क्रियेने आंबते, तीच ही क्रिया. खर्च थोडा आणि शिक्षण मोठे, म्हणून मला ती प्रिय आहे. परंतु या बाटलीला चावी नसते. नळी चेपली किंवा तोंड बुजले तर दाब वाढतच जातो. म्हणून काचेची बाटली कधीही वापरू नये, नळी मोकळी आहे की नाही हे रोज पाहावे, आणि पाणी उलटे येऊ नये म्हणून येथेही एकदिशा झडप बसवावी.

शाळेतील माझ्या सहकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. वायूची ओळख फळ्यावरील सूत्राने होत नाही. पेल्यात खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबू पिळावे, आणि त्यातून निघणारा वायू, पाणी ओतावे तसा, दुसऱ्या पेल्यातील पेटत्या मेणबत्तीवर ओतावा. काही दिसत नाही, पण ज्योत विझते. विड्याच्या चुन्याची निवळी करून तीत नळीने फुंकर घालावी. निवळी दुधासारखी पांढरी होते. डोळ्यांना न दिसणारी वस्तू खरी असते आणि तिची परीक्षा घेता येते, हे मुलाला एकदा पटले, की पुढे ते मूल आडाच्या काठावरही विचार करील.

आणि त्या विचारावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. आडात किंवा टाकीत एक माणूस बेशुद्ध पडला की त्याला काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा. अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने १९८६ मध्ये नोंदविले, की अशा बंदिस्त जागांतील मृतांमध्ये निम्म्याहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवावयास गेलेली होती. माया माणसाला आत ओढते, आणि वायूला मायेची ओळख नाही. म्हणून नियम एकच. आड असो, टाकी असो की बंद खोली असो, आधी हवा, मग माणूस. घरात डोके जड वाटले, दम लागला, विनाकारण सुस्ती आली, किंवा सिलिंडरमधून फुसफुस ऐकू आली, तर प्रथम सर्वांनी बाहेर पडावे, लहान मुलांना उचलून घ्यावे. दारेखिडक्या सताड उघडाव्यात. जोराने सुटणाऱ्या वायूला उघडा हात लावू नये. तो बर्फाहूनही कितीतरी थंड असतो आणि कातडी जाळतो. खोलीत वारा खेळू लागल्यावरच चावी बंद करावयास जावे, आणि कोणी बेशुद्ध असेल तर मदतीस माणसे व अग्निशामक दल यांना बोलवावे.

श्रोतेहो, हे सारे ऐकून कोणी पेटी मोडीत काढावी, असा माझा हेतू नाही. पाण्याखालच्या त्या हिरव्या बागेत कर्बवायू वनस्पतींना वाढवतो, पेवात तो धान्य राखतो. तो शत्रू नाही. तो एक मुका चाकर आहे. मुक्या चाकराकडून काम घेणाऱ्याने त्याच्यावर स्वतः लक्ष ठेवावे लागते, कारण तो हाक मारून काही सांगणार नाही. वाटीभर साबणाचे पाणी, एक वायसर, एक तराजू, आणि भिंतीवर टांगलेली एक वही, तीत तपासणीची तारीख आणि वजन लिहावयाचे. जेथे आपले नाक-डोळे साक्ष देत नाहीत, तेथे ही वहीच आपले नाक आणि डोळे होते. एवढी शिस्त ज्या घरात आहे, तेथे पेटीसमोर उभ्या राहणाऱ्या मुलांना माशांकडे खुशाल बघू द्यावे.